डाव्या खांद्यावरून

चष्मेवाल्याला मी आमच्या वडिलांच्या ट्रॅक्टरची गोष्ट सांगत होतो, आणि गोष्ट ऐन रंगात असताना समोरच्या खड्ड्यातून तो ट्रॅक्टर वर आला. एवढंच वाक्य मी घरी जाऊन सांगितलं. माझ्या लेकीने त्याला चारने भागलं. माझ्या कुठल्याही गोष्टीला चारने भागायचं हा आमच्या घरचा जुना नियम. तिच्या आईने तो घालून दिला आणि जाताना लेकीच्या हाती सोपवून गेली. भागून झाल्यावर लेकीकडे काय उरलं, तर बाबा आज चष्म्याच्या दुकानात गेले होते. "काडी बसवून दिली का त्याने?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिचं समाधान झालं. मी मात्र मनाने अजून दुकानातल्या त्या गोल स्टुलावरच बसून होतो.

झालं होतं ते असं. चष्मा चष्मेवाल्याच्या हातात, त्यामुळे मला समोरचं सगळं धुरकट. अशा वेळी मला गोष्टी फार छान दिसतात. "चाकं नव्हती त्याला," मी म्हणत होतो. "पोलादी पाट्यांची चेन. स्वतःचा रस्ता स्वतःच पुढे अंथरायचा, त्यावरून चालायचा, आणि मागून उचलून परत पुढे न्यायचा. रस्ता बरोबर घेऊन फिरणारा असा दुसरा कोणी दाखवा मला." चष्मेवाला चिमट्यात बारीक स्क्रू धरून हं हं करत होता. "आणि माझे वडील तो उलटा चालवायचे. कायम. सीटसुद्धा उलटी फिरवून घेतली होती त्यांनी." "उलटा का?" "दलदल होती हो इथे सगळी. दलदलीला तोंड दाखवलं की ती गिळते. पाठ दाखवली की तिला वाटतं, हा चाललाच आहे, कशाला श्रम घ्या." चष्मेवाला हसला, स्क्रू चिमट्यातून निसटला, आणि तो स्क्रू शोधत जमिनीवर रांगत असताना बाहेरून आवाज आला. समोर नव्या इमारतीच्या पायासाठी खोदकाम चाललं होतं, तिथून. खोदयंत्राचा हात दगडाला घासतो तो आवाज वेगळा. हा लोखंडाने लोखंडाला हाक मारल्यासारखा होता. चष्मेवाल्याने उठून चष्मा माझ्या नाकावर ठेवला. "बघा, नीट दिसतंय का." नीट दिसत होतं. पत्र्याच्या कुंपणाच्या वर, खोदयंत्राच्या पंजाला लटकलेली, काळा चिखल गाळणारी पोलादी पाट्यांची एक चेन.

मला आनंद झाला असेल असं वाटत असेल तुम्हाला. मला धस्स झालं. गोष्टी सांगणाऱ्याचा सगळा संसार एका भरवशावर उभा असतो, की गोष्टीतली वस्तू कधी दारात येऊन उभी राहणार नाही. हा ट्रॅक्टर मी लग्नांत सांगितला, प्रवासात सांगितला, दवाखान्याच्या बाकांवर अनोळखी लोकांना सांगितला. ऐकणाऱ्याचं तोंड बघून मी त्याला लहान-मोठा करत आलो. कधी तो हत्तीएवढा होता, कधी दोन मजली. वडील उलटे का जायचे याचीही माझ्याकडे कारणं जय्यत तयार होती. एकात साहेबाशी त्यांचं भांडण झालेलं असायचं आणि त्याला पुन्हा तोंड दाखवणार नाही अशी त्यांनी शपथ घेतलेली असायची. इतक्या वेळा हात फिरवल्यावर मूळ लाकूड कुठलं आणि पॉलिश कुठलं, हे माझं मलाच सांगता आलं नसतं. तळाशी मात्र एक तुकडा होता, जो मी कोणाला कधी सांगितला नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मी कोणाच्या तरी मांडीवर आहे. गाल थरथरताहेत, दात नसलेल्या हिरड्यासुद्धा थरथरताहेत. मी वर बघतो आणि मला एक कान दिसतो. कानावर वाळलेल्या चिखलाचा ठिपका. बस, एवढंच. चेहरा नाही. हा कान वडिलांचा, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो.

खड्ड्याचं काम थांबलं आणि संग्रहालयाच्या इंजिनीअरबाई आल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केसांत पेन खोचलेलं. मी कुंपणातून आत शिरलो होतो. "काका, बाजूला व्हा, पाय घसरेल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तो माझ्या वडिलांचा आहे." "प्लॉट?" "ट्रॅक्टर." त्यांनी माझ्याकडे बघितलं. असं बघणं मला नवीन नाही. "कुठल्या कारखान्याचा आहे मग?" "ते नाही माहीत. पण त्याच्या रेडिएटरच्या माथ्यावर दोन शिंगं आहेत आणि त्यातलं डावं तुटलंय." हे शिंग माझ्या गोष्टीत फार उपयोगी पडायचं, वडील त्याला रुमाल बांधायचे, मुकादमाला त्याच्यावर आपटायचे, काय वाटेल ते करायचे. बाईंनी पाण्याचा पाइप मागवला. चिखल खाली ओघळत गेला आणि आतून एक बसकं, रुंद, राखाडी डोकं वर आलं. उजवीकडे लोखंडाचं जाड शिंग. डावीकडे खुंट. बाईंनी पाइप खाली ठेवला. त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांना दिसलं असेल, की दचकलो मीच जास्त होतो. गोष्टीला इतकी वर्षं मी चालवत होतो आणि आज तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं होतं.

त्याला क्रेनने उचललं तो दिवस मी विसरणार नाही, आणि त्याच्यात काही घालणारही नाही, गरजच नाही. दलदलीने त्याला सोडताना एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज केला. पट्टे ताणले गेले, क्रेनचे मागचे पाय किंचित उचलले गेले, उभी असलेली सगळी माणसं दोन पावलं मागे सरली. तो हत्तीएवढा नव्हता. दोन बैलांएवढा असेल फार तर. पण हवेत लोंबकळताना त्याच्या चेनमधून पाणी गळत होतं आणि त्या एवढ्याशा देहातून कसलं तरी प्रचंड वजन खाली वाकून शहराकडे बघत होतं, की हे सगळं कधी झालं. या रस्त्यांखाली, या दुकानांखाली, चष्मेवाल्याच्या त्या स्टुलाखाली जी जमीन आहे ती याने दाबून, रेटून, घट्ट करून दिलेली. मग जमिनीने यालाच पोटात घेतलं. माझ्या मनात आलं, मी आयुष्यात जेवढ्या थापा मारल्या त्या सगळ्या याच्यापुढे भेकड होत्या.

त्याला संग्रहालयामागच्या शेडमध्ये नेलं आणि मी रोज तिथे जाऊन बसू लागलो. शेडमध्ये बाई असायच्या आणि एक फिटर असायचा, ज्याला सगळे मौनी म्हणत, कारण तो बोलत नसे. मौनीला बसल्या जागी चहा लागायचा. कोपऱ्यात त्याची विजेची किटली होती आणि तिला हात लावायची कोणाला मुभा नव्हती. ओळख पटवायलाच कितीतरी दिवस गेले. कारखान्याच्या नावाची पाटी केव्हाच गळून पडली होती. बाईंनी मागच्या पेटीवरचा चिखल लाकडी पट्टीने खरवडला, मग ब्रशने, मग नखाने, आणि मग त्या नुसत्या बोट फिरवत राहिल्या, आंधळ्यासारख्या, डोळे मिटून. पोलादात ठोकलेले आकडे त्यांना आधी बोटाला लागले, मग दिसले. त्यांनी जगभरच्या असल्या यंत्रवेड्यांना फोटो पाठवले. उत्तरं आली. कारखाना थोड्याच दिवसांत बुडालेला, ट्रॅक्टर थोडेच निघालेले, आणि या जातीचा एकही शिल्लक नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. "म्हणजे हा एकटाच?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "कळलंय तेवढ्यात तरी एकटाच." आणि त्या हळू बोलल्या, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशा.

चिखलाने त्याला खाल्लं नव्हतं, जपलं होतं. हवाच न पोचल्यामुळे आत गंज असा फारसा नव्हता. मौनी एकेक नट तेलात भिजवायचा, गरम करायचा, पाना लावून थांबायचा, आणि नट ऐकत नसेल तर पाना काढून चहा प्यायचा. जबरदस्ती म्हणून नाही. सिलिंडरमधून काळ्या चिखलाच्या गोल वड्या निघाल्या, त्यात गवताची पाती अजून हिरवट होती. पिस्टन जाम होते. त्यांच्यावर तेल ओतून ठेवलं आणि आम्ही नुसती वाट बघितली. मग एके सकाळी मौनीने हँडलला हात लावला आणि हँडल वीतभर फिरलं. वीतभरच. आतून काहीतरी ओलं, जड, झोपेत कूस बदलावी तसं हललं. तिघांपैकी कोणी बोललं नाही. मौनीचं ठीक आहे. मी बोललो नाही हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

फक्त सीट सरळ होती. पहिल्या दिवशीच मला ते दिसलं होतं आणि मी दुसरीकडे बघितलं होतं. भोकं पाडलेली लोखंडी सीट, पुढे तोंड करून, कारखान्यातल्याच रिव्हेटांनी पक्की. ती कधीच कोणी फिरवली नव्हती. "काका, तुमच्या गोष्टीत उलटी होती ना?" बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "चारने भागा." त्या हसल्या, मीही हसलो, पण घरी जाताना मला ते हसणं बुटात खडा गेल्यासारखं टोचत राहिलं. सीट मी बनवली होती तर आणखी काय काय बनवलं होतं? शिंग तुटलेलं होतं हे खरं. पण दलदलीच्या काठावर उभ्या राहिलेल्या कुठल्याही पोराला ते दिसलं असतं. लांबून बघितलेला एक ट्रॅक्टर आणि घरातला एक बाप, असे दोन वेगळे तुकडे मी तर जोडले नव्हते? तसं असेल तर तो कान कोणाचा होता?

मग दातेरी चाकांचा प्रश्न निघाला. चेनला ओढणारी मागची दोन मोठी चाकं, त्यांचे दाते एकाच बाजूने झिजले होते, चाटून चाटून गोळी व्हावी तसे. दुसरी बाजू कोरी. बाईंनी मला जवळ बोलावून दाखवलं. "गाडी पुढे जाताना दात्याची ही बाजू ओढते. ही तर नवीकोरी. झीज सगळी पाठच्या बाजूला. म्हणजे आधीची बाजू झिजल्यावर कोणीतरी डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे घातलंय. सगळेच करतात, चाक दुप्पट टिकतं." "मग?" "मग काय, आपण ती मूळ जागी लावून टाकणार. कारखान्यातून निघाला तसा उभा करायचाय त्याला." मी पटकन म्हटलं, "किंवा मग तो उलटाच चालला." मौनीने वर बघितलं. बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं, आणि थट्टा न करता, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं, मला विचारलं, "का पण, काका? कोणी ट्रॅक्टर जन्मभर उलटा का चालवेल?"

दलदल जिभेवर आली, साहेबाची शपथ आली, आणखीही बरंच आलं, आणि सगळं त्या उघड्या लोखंडासमोर येऊन दारातूनच परत गेलं. जन्मात पहिल्यांदा मला कोणीतरी खरं विचारलं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं. बाईंनी फडकं पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "सोमवारी चाकं काढू." चाकं फिरवून बसवली, की झीज पुढे चालणाऱ्या ट्रॅक्टरसारखी दिसणार होती, आणि तो उलटा चालला असेलच तर त्याची तिथली खूण कायमची पुसली जाणार होती. त्याच्याबरोबर काय पुसलं जाणार होतं ते माझं मला माहीत होतं.

माझ्याखेरीज तेव्हाचं जिवंत माणूस म्हणजे आक्का, माझी थोरली बहीण. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. तिच्या घरात प्रत्येक वस्तूला कव्हर आहे. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, मिक्सरला झबलं. लेक माझ्या गोष्टींना चारने भागते. आक्का शून्याने गुणते.

"पाय पूस," आक्का म्हणाली. "आणि बोल. पैसे हवेत की तब्येत बिघडलीय?"

"आक्का, बाबा काय काम करायचे?"

"हे विचारायला एवढ्या लांब आलास? टाइमकीपर होते. दलदल उपसायच्या पंपावरच्या कचेरीत. कोण कधी आलं, कधी गेलं, ते बघायचं. तुला शंभरदा सांगितलंय, बाळ्या."

"आणि ट्रॅक्टर?"

"तुझा? होता की. एका वर्षी तर त्याला पंखही होते."

त्या वर्षी मी खरंच पंख लावले होते. श्रोते कंटाळलेले होते. मी तिला खड्ड्याचं सांगितलं, शिंगाचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि सोफ्याच्या कव्हरवरची सुरकुती सरळ केली. "सापडला असेल एखादा. त्यात बाबा कुठून आले?"

"बरं, त्यांची मान वाकडी का होती मग?"

"खिडकी डाव्या हाताला होती कचेरीत. दिवसभर बघून बघून राहिली तशी. जेवतानासुद्धा तिरके बसायचे. आई ताट जरासं डावीकडे सरकवून ठेवायची." तिने हवेतल्या हवेत ताट सरकवलं. "आपण समोर बसलो, तर आपल्याकडे कान."

"काय म्हणालीस?"

"काही नाही. आपल्याकडे कान असायचा म्हटलं. उजवा. मी कितीदा तरी त्या कानालाच सांगितलंय, बाबा, मी पास झाले म्हणून."

मला पाणी प्यावंसं वाटलं. ते पिऊन मी विचारलं, "खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसाला रोज संध्याकाळी अंघोळीला कढत पाणी कशाला लागायचं?"

"लागायचं. लांबून पंपाचा आवाज यायचा दिवसभर. तो थांबला की आई मला म्हणायची, पाणी ठेव तापायला. म्हणजे कचेरी सुटली, बाबा येतील. मग तो पंप एके दिवशी बंद पडला तो पडलाच, आणि बाबांची शहरातल्या कचेरीत बदली झाली. पांढरा शर्ट घालून जायचे. मला सगळं आठवतं, कारण मी घरात राबत होते. तू काय करत होतास? तुला बोलतासुद्धा येत नव्हतं."

"त्याचाच अनुशेष भरून काढतोय."

आक्का हसली नाही. "एवढा म्हातारा झालास, बाळ्या," ती म्हणाली, "पण बापाला एकदाही साधा माणूस म्हणून राहू दिलं नाहीस."

परतताना बसमध्ये मी खिडकीशी बसलो, आणि ते वाक्य शेजारच्या सीटवर बसलं. बस खड्ड्यातून जायची तेव्हा काचा थरथरायच्या, काचेला टेकलेला गाल थरथरायचा. गाल थरथरत होता म्हणून मी वर बघितलं. सहजच. वर बसचं छत होतं, दांडी होती, आणि दांडीच्या पलीकडे माझ्या आठवणीतला तो कान होता. मांडीवरच्या पोराने वर बघितलं तर त्याला हनुवटी दिसायला हवी, नाकपुड्या दिसायला हव्यात. सीट उलटी फिरवून बाबा आरामात समोर बघत असते, तर मला हनुवटीच दिसली असती. कान कधी दिसेल? माणसाने सरळ सीटवर बसून मान पार मागे वळवली तर. डाव्या खांद्यावरून. मी सगळ्या गोष्टींत बाबांना आरामात बसवलं होतं, आणि ते बिचारे दिवसभर, वर्षानुवर्षं, पिळवटलेली मान घेऊन मागे बघत होते. उलटी सीट हा माझाच मायाळूपणा असावा. आणि कचेरी? तो कदाचित आईचा. तिच्या माहेरी चिखलात उतरणारा जावई चालला नसता. पंपावर मुलींनी जायचं नाही हा तिचाच नियम. म्हणजे थापा आमच्या घरात माझ्या आधीपासून मांडलेल्या होत्या, फक्त चांगल्या कव्हराखाली. आणि बाबांना कोणाला तरी तो ट्रॅक्टर दाखवायचा होता. मग त्यांनी घरातला असा एक जण उचलला, ज्याला बोलता येत नव्हतं. हे शेवटचं मी रचलेलं आहे. हवं तर भागा. मला भागता आलं नाही.

सोमवारी मौनी चाकांखाली ठोकळे लावत होता. मी बाईंना म्हटलं, "आधी गिअरबॉक्स उघडू या का? जो गिअर वापरला तोच झिजला असेल ना?" गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी उघडायचा असं त्यांचं ठरलं होतं, झाकणाचे बोल्ट हट्टी होते. बाईंनी चाकाकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं, मग मौनीकडे. मौनीने तेलाची बुधली उचलली. दोन दिवस ते झाकण भिजत, तापत, निवत राहिलं. निघालं तेव्हा आतून जुन्या तेलाचा गोडसर, दाट वास आला. बाईंनी दिवा आत सोडला आणि त्या बराच वेळ वाकून राहिल्या. मग त्यांनी मला जागा दिली. तेलात बुडालेली चक्रं मधासारखी चमकत होती. पुढे न्यायच्या गिअरचे दाते अजून धारदार होते, त्यांच्यावर कारखान्यातल्या कानशीच्या रेघा जशाच्या तशा. आणि मागे न्यायचा गिअर झिजून, पातळ होऊन, म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखा बसला होता. "हा जन्मभर उलटा चाललाय," बाई म्हणाल्या. मोठ्याने नाही. "चाकं कोणी बदललेली नाहीत." मौनी ट्रॅक्टरच्या मागे गेला होता. तिथून त्याचा आवाज आला, आणि तो मी पहिल्यांदाच ऐकला. "इथं भोकं पाडलीत," तो म्हणाला. "हातानं. फळी बांधत असणार. चिखल ढकलायला." त्या काळी ट्रॅक्टरच्या पुढे पातं नसायचं. कोणीतरी मागच्या बाजूला लाकडाची जाड फळी बांधली होती, आणि चिखल रेटण्यासाठी तो मागे मागे जात होता. दलदलीला पाठ दाखवणं नाही, साहेबाची शपथ नाही. एक फळी. माझ्या सगळ्या कारणांपेक्षा ते इतकं साधं होतं, की मला ते कधी सुचणंच शक्य नव्हतं.

"बसा काका," बाई म्हणाल्या. "वर बसा." मौनीने मला हात दिला. लोखंडी सीट थंड होती. मी पुढे बघितलं: रुंद राखाडी डोकं, एक शिंग. मग मी मान वळवली, डाव्या खांद्यावरून, जेवढी वळेल तेवढी, आणि तोल जाऊ नये म्हणून डावा हात आपोआप मागे गेला, चेनवरच्या पत्र्याच्या कडेवर. तिथे खळगा होता. कड दबलेली, गुळगुळीत, तळहात बसेल एवढी. मी हात उचलला नाही. उजव्या हाताने दुसरीकडची कड चाचपली. ती कापेल अशी धारदार होती. बाईंनी खाली उभं राहूनच विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "इथे कोणीतरी हात ठेवत होतं." त्या वर चढल्या, त्यांनी तिथे बोट फिरवलं, आकड्यांवरून फिरवलं होतं तसं, डोळे मिटून. नंतर त्यांनी मौनीला सांगितलं, की ही कड सरळ करायची नाही, भरायची नाही, रंगवायची नाही. चाकं आहेत तिथेच राहतील. राखाडी रंगावर फक्त मेण. माझा तळहात त्या खळग्यात नीट बसला नाही. तो हात माझ्याहून मोठा होता. हे मला बरं वाटलं.

तरी ते बाबाच, असं कोणी म्हणू शकत नव्हतं. वाकड्या मानेची माणसं दलदलीत आणखी असतील. ट्रॅक्टर सुरू करायचा ठरला, तेव्हा मी लेकीला म्हटलं, आत्याला घेऊन ये. आक्का आली, चांगली साडी नेसून, हँडबॅग मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. "एवढासाच?" तिने ट्रॅक्टरकडे बघून विचारलं. "पंख कुठेत?" लेक खुदकन हसली. मौनीने हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. आतून एक खोकला, निळा धूर, पुन्हा काही नाही. मग एकाएकी तो लागला, आणि शेडचे पत्रे, खिळ्यांना टांगलेले पाने, माझ्या छातीचा पिंजरा, सगळं एका सुरात थरथरू लागलं. एकसारखा नव्हता तो आवाज. चार ठोक्यांतला एक जरा मागे राहायचा, लंगडल्यासारखा, आणि पुढचा त्याला सावरून घ्यायचा. माझे गाल थरथरत होते. बाईंनी गिअर टाकला आणि तो चालू लागला, मागे, हातभर, दोन हात, स्वतःचा रस्ता स्वतःखाली घालत. लेकीने माझा दंड धरला होता. ती कशालाच भागत नव्हती. आक्काने मात्र कानांवर हात ठेवले होते आणि तोंड वाकडं केलं होतं. हा असला गोंगाट ऐकायला बोलावलं का, असं.

बाईंनी इंजिन बंद केलं. ते लगेच थांबलं नाही. दोन ठोके उशिरा पडले, मग शांतता, आणि आता संपलं असं वाटताना आणखी एक, एकटाच, लांबून आल्यासारखा. मग पत्रे निवाले.

आक्काने कानांवरचे हात खाली घेतले होते. ती ट्रॅक्टरकडे बघत नव्हती, कोणाकडेच बघत नव्हती. "पंप थांबला," ती म्हणाली, घरात म्हणतात तशी, नेहमीच्या आवाजात. "पाणी ठेव तापायला."

"ठेवतो," मी म्हटलं.

कोपऱ्यात मौनीची किटली होती. मी ती उचलली, तो बाजूला सरला. नळाखाली धरली. पाणी भरत असताना मी मागे बघितलं, डाव्या खांद्यावरून. आक्का हँडबॅग मांडीवर घट्ट धरून, शेडच्या उघड्या दाराकडे डोळे लावून बसली होती.